आपल्या फोटोची कुणी वाट बघत नाही

अनेक आशीर्वाद.

नवा कॅमेरा घ्यावा का, असं विचारलंस. आत्ता नको. आहे तोच वर्षभर वापर, आणि झूम लेन्स असेल तर ती ३५ किंवा ५० मिमीवर ठेवून दे. झूम हाताशी असला की पाय हलत नाहीत. एकाच लेन्सची सवय झाली की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकटीत काय मावेल ते कळायला लागतं.

पण तुझ्या पत्रातलं दुसरंच वाक्य माझ्या मनात राहिलंय. ‘माझे फोटो कुणाला हवे आहेत?’ असं लिहिलंस. हौशी माणसाची खरी श्रीमंती हीच! व्यावसायिकाला ठरल्या वेळी, मिळेल त्या उजेडात फोटो काढावाच लागतो. आपल्याला थांबता येतं. झाक-आंरी लार्तिग हा फ्रेंच छायाचित्रकार लहानपणापासून घरच्यांचे, भावाच्या उचापतींचे, मोटारींच्या शर्यतींचे फोटो काढत राहिला, ते निव्वळ आवडीने. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं प्रदर्शन लागलं, तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती.

हा मोकळा वेळ उजेड बघण्यात घालव. घरातल्या कुणाला तरी खिडकीशेजारी बसव. चेहरा उजळ येईल आणि मागची भिंत काळोखात जाईल. तेच माणूस आत, भिंतीजवळ बसलं की दोन्हींवर जवळपास सारखाच उजेड दिसेल, कारण खिडकीपाशी उजेड भराभर घटतो आणि लांब गेल्यावर हळूहळू. मग डोळ्यांत बघ. बुबुळावर खिडकीचा छोटासा चौकोन चमकतोय का? नसेल तर हनुवटी जराशी खिडकीकडे वळवायला सांग, चेहऱ्यात एकदम जीव येतो. खोलीतला दिवा मात्र बंद कर. दिव्याचा पिवळा आणि बाहेरचा निळसर उजेड एकाच गालावर आले, तर नंतर कितीही खटपट केली तरी रंग धड जुळत नाहीत.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काय सांगतो ते ऐक, पण डोळे मिटून नाही. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून तो चालतो. म्हणून पांढरी भिंत मळकी दिसते आणि काळं मांजर राखाडी. पांढऱ्याला एक स्टॉप वाढव, म्हणजे उजेड दुप्पट कर, काळ्याला एक कमी कर, म्हणजे निम्मा, मग पडद्यावर बघून ठरव.

माणसांचे फोटो काढताना घाई करू नकोस. पहिले काही फोटो ताठ बसलेले, ओढूनताणून हसलेले येणारच. तेही काढ. थोड्या वेळाने आजी पुन्हा आपलं निवडणं-टिपणं सुरू करते, कॅमेरा विसरते, आणि तिथून पुढे खरं काम सुरू होतं. हात चालू असतील तर शटर १/२५० सेकंदावर ठेव. त्यापायी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढला, फोटोत दाणे दिसले तरी बिनधास्त चालू दे. अनोळखी माणसाने नको म्हटलं तर कॅमेरा खाली, तिथे वाद नाही.

आणि काढलेले फोटो बघ. हे मी कळकळीने सांगतोय. शिकागोत मुलं सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायरच्या निगेटिव्ह २००७ मध्ये लिलावात विकल्या गेल्या. लाखाहून जास्त फोटो तिने काढले होते, आणि कित्येक रोल धुतलेलेच नव्हते. तिच्या नजरेपुढे मी नतमस्तक आहे. तरी आपल्याच कामातला बराच भाग तिने कधी पाहिलाच नाही, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. तुझे फोटो फोनमध्ये असेच साठत असणार. महिनाभर मुरू दे, मग त्यातले दहा निवडून छापून घे. भिंतीला लाव, येता-जाता बघ. जो चार दिवसांत डोळ्यांना नकोसा होईल तो काढून टाक.

उरलेल्यांपैकी तीन पुढच्या पत्रासोबत पाठव. मागे कडेला, दाब न देता, तारीख आणि माणसाचं नाव लिही. रंग सुधारू नकोस, जसे आले तसेच मला बघायचेत.

तुझा,
काका