ग्लॅमिस किल्ल्यात दिसणारी ‘ग्रे लेडी’ खरंच चेटकीण होती का? तिचं भूत दिसतं का?

चेटकीण नव्हती. हे आधीच सांगतो, कारण स्कॉटलंडच्या या किल्ल्यावरच्या बहुतेक व्हिडिओंमध्ये तिला बिनदिक्कत चेटकीण म्हणतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

तिचं नाव जॅनेट डग्लस. ग्लॅमिसचे सहावे लॉर्ड जॉन लायन यांची ती बायको, १५२८ मध्ये विधवा झालेली. तिला नडलं ते माहेर. राजा पाचवा जेम्स लहान असताना त्याचा सावत्र बाप आर्चिबाल्ड डग्लस, म्हणजे जॅनेटचा सख्खा भाऊ, त्याला जवळजवळ नजरकैदेत ठेवून कारभार बघत होता. १५२८ मध्येच जेम्स निसटला आणि त्याने अख्ख्या डग्लस घराण्यावर दात धरला. भाऊ इंग्लंडला पळाला. बहीण मात्र राजाच्या हद्दीतच राहिली.

पहिल्या नवऱ्याला विष घातल्याचा आळ तिच्यावर घेऊन झाला, तो टिकला नाही. मग १५३७ मध्ये थेट राजाला विष देण्याचा कट आणि परागंदा भावांशी संधान, असे आरोप आले. खटला राजद्रोहाचा होता, जादूटोण्याचा नव्हे. १७ जुलै १५३७ रोजी एडिंबरामध्ये तिथल्या किल्ल्याजवळच्या टेकडीवर तिला जाळून मारलं. मला वाटतं, पुढच्या पिढ्यांनी चिता तेवढी लक्षात ठेवली आणि तिच्यावरून चेटूक जोडून दिलं. तिचा दुसरा नवरा कैदेतून पळताना एडिंबराच्या कड्यावरून पडून मेला. ग्लॅमिस राजाने जप्त केलं आणि स्वतः तिथे दरबार भरवला! तिच्या कोवळ्या मुलालाही देहदंड सुनावला होता, पण १५४२ मध्ये राजा वारला, मुलगा सुटला आणि त्याला जहागीर परत मिळाली.

आता भुताचं. ती किल्ल्यातल्या खासगी चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, प्रार्थना करताना दिसते, असं सांगतात. तिच्यासाठी तिथली एक जागा कायम रिकामी ठेवतात. पण त्या चॅपलमधली चित्रं जेकब दे वेट या डच चित्रकाराने काढली, तीही १६८८ च्या सुमारास. आजचं चॅपल तिच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी सजलेलं आहे. माझा भुतांवर विश्वास नाही, तरी ती जागा रिकामी ठेवण्याची पद्धत मला आवडते. तिच्यावर अन्याय झाला, हे घरच्यांनी आपल्या परीने मान्य केल्यासारखं वाटतं.

कयामतीपर्यंत पत्ते खेळणारा अर्ल (सरदार), कोंडून ठेवलेलं विद्रूप मूल वगैरे ग्लॅमिसच्या बाकीच्या गोष्टी रंगतदार आहेत, पण त्यांच्यामागे इतका ठोस इतिहास नाही.

आणि एक गोष्ट भूतकथांमध्ये क्वचितच येते. सुटलेल्या त्या मुलाचाच वंश पुढे चालला. राणी दुसऱ्या एलिझाबेथची आई याच घराण्यातली. म्हणजे ब्रिटनचं आजचं राजघराणं जॅनेटच्याच वंशातलं आहे.