माझुर्का: लोकधून की लोकबाज?

प्रश्न असा आहे: एका कार्यक्रमपत्रिकेत शोपँ या पोलिश संगीतकाराच्या पियानोवरच्या माझुर्कांना (माझुर्का या पोलिश नाचावर बेतलेल्या रचनांना) 'पोलिश लोकधुना' म्हटलं आहे, ते बरोबर का? आणि लिहायचं कसं, मझुर्का की माझुर्का?

आधी सोपं उरकतो. माझुर्का लिहा, पोलिश उच्चारात पहिला 'मा' मोकळा आहे. गंमत अशी की खुद्द पोलिशमध्ये नाचाचं नाव 'माझुरेक'. वॉर्साभोवतीचा मुलूख माझोव्हिया, तिथला माणूस माझुर, त्याचा नाच माझुर किंवा माझुरेक. मग शेवटचा 'का' आला कुठून? 'माझुरेक नाचणं' असं म्हणताना पोलिशमध्ये विभक्तीमुळे शब्द बदलतो, मधला 'ए' गळतो आणि 'माझुर्का' होतं. कापूसचं 'कापसाला' होताना आपला 'ऊ' गळतो, तसंच. परक्यांनी हे विभक्तीचं रूपच मूळ शब्द समजून उचललं, असं मानलं जातं. कुणी 'कापसाला' ऐकून 'कापसा' शब्द घरी घेऊन जावा, तसा प्रकार!

आता 'लोकधून'. धून म्हणजे ऐकताच ओळखू येणारी ठरावीक चाल. शोपँने पन्नासहून जास्त माझुर्का लिहिल्या, पण गावातली चाल उचलून जशीच्या तशी मांडली असं त्यांत क्वचितच सापडतं. उसनी चाल स्पष्ट दिसते ती भलतीकडेच: त्याच्या पहिल्या स्केर्त्सोच्या (हा पियानोवरचाच दुसरा एक रचनाप्रकार) मधल्या भागात नाताळातलं एक पोलिश अंगाईगीत येतं. त्याला खुशाल लोकधून म्हणा.

माझुर्कांसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: बाज, म्हणजे ढंग, शैली. तबल्याचा बाज म्हणतो ना आपण, त्याच अर्थाने. ओपस 68 (ओपस म्हणजे रचनांच्या संचाचा क्रमांक) मधली तिसरी माझुर्का घ्या. तिच्या मधल्या भागात डावा हात षड्ज-पंचमाची जोडी धरून ठेवतो, गावच्या मशकवाद्यासारखी, आणि उजव्या हातात शुद्ध मध्यमाऐवजी तीव्र मध्यम वाजतो. (त्या चालीमागे एक गावगाणं आहे असं काही जण म्हणतात, त्यावर वाद आहे.) स्वर असे, लय त्याहून वेगळी. ताल तीन मात्रांचा, पण वजन पहिलीवर बसेलच असं नाही. ते दुसरीवर किंवा तिसरीवर सरकतं. त्यात तीन नाचांची सरमिसळ: माझुर, संथ कुयाव्याक आणि गिरक्यांचा जलद ओबेरेक.

हे वजन कागदावर उतरत नाही. एकदा शोपँ त्याच्या लेंत्झ नावाच्या शिष्याला ओपस 33 मधली सी मेजरची माझुर्का शिकवत होता. तेवढ्यात मायरबेअर हा ऑपेरा लिहिणारा संगीतकार आला आणि म्हणाला, हे तर दोन मात्रांचं आहे. शोपँ भडकला, तीनच म्हणून अडून बसला. मला दोघंही खरे वाटतात: एकाने कानांवर पडलं ते मोजलं, दुसऱ्याला नाच माहीत होता.

माझुर्कांना लावलं जाणारं 'राष्ट्रीय' हे विशेषणही जपून वापरावं. 1795 नंतर स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हतं. शोपँ 1830 मध्ये वॉर्सा सोडून गेला तो परतलाच नाही. म्हणजे राष्ट्र होतं, राज्य नव्हतं. अशा वेळी एका मुलुखाचा नाच सगळ्यांचा झाला. आज पोलंडच्या राष्ट्रगीताचं नावच 'दोंब्रोव्स्कीचा माझुरेक' आहे आणि त्याचे शब्द 1797 चे, म्हणजे शोपँच्या जन्माच्या तेरा वर्षं आधीचे. उलट 'पोलोनेझ' या दुसऱ्या पोलिश नाचाचा शब्द फ्रेंच, अर्थ नुसता 'पोलिश'. बाहेरच्याने ठेवलेलं नाव, आणि नाच सरदारांच्या दिवाणखान्यातला.

तेव्हा पत्रिकेत 'पोलिश लोकनृत्यांच्या बाजाच्या रचना' असं लिहावं. लिंगाचं म्हणाल तर पोलिश माझुरेक पुल्लिंगी आहे, पण मराठीत 'का' आला की नौका, पुस्तिका यांच्या रांगेत बसतो. ती माझुर्का, त्या माझुर्का.