टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत कोण जिंकणार हे लोक आधीच कसं सांगतात? स्लोव्हेनियाच्या पोगाचारला हरवणारा कोणी आहे का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: विंगेगॉर. आणि तोसुद्धा रोज नाही, एखाद्याच दिवशी. तो दिवस कोणता, हे ओळखणं म्हणजेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

मी काही मोठा जाणकार नाही. चाळीसगावला दुकान आहे. रविवारी आम्ही चौघं सायकलीवर कन्नड घाट चढतो. जुलैत रात्री नऊच्या सुमारास तिकडचा टप्पा संपायला येतो, तेव्हा शटर अर्धं ओढून मोबाईलवर शर्यत बघतो. पैज शेवभाजीची असते. २०२२ आणि २०२३, दोन्ही वर्षं मी पोगाचारवर लावली आणि दोन्ही वर्षं चौघांचं बिल माझ्या अंगावर आलं. त्यामुळे अंदाज कसे चुकतात यात माझा हात धरणारा कोणी नाही.

नावं सांगणं सोपं आहे. सुरुवातीला पावणेदोनशेच्या वर सायकलपटू असतात, पण २१ टप्प्यांचा एकूण वेळ सगळ्यात कमी ठेवायच्या इराद्याने आलेले जेमतेम सात-आठ. बाकीच्यांपैकी कोणी सपाटीवर शेवटच्या दोनशे मीटरला झेप घेणारे, कोणी एखादा टप्पा मारायला आलेले, आणि बरेचसे आपल्या म्होरक्याला वारा लागू नये म्हणून पुढे झिजणारे. पुढच्याच्या आडोशाने गेलं की मागच्याची ताकद बरीच वाचते. चाळीसगावहून घाटाकडे जाताना समोरून वारा असला की आम्ही पण एकमेकांच्या मागे चिकटतो. खरी गंमत चढण लागल्यावर. वेग कमी झाला की आडोशाचा फायदा आटतो आणि ज्याचं वजन आणि जोर यांचं गणित जमलंय तो निघून जातो.

आमच्यात एक जण आहे, वजन ५८ किलो, काडीसारखा. मागच्या एप्रिलमध्ये मी हट्टाने त्याचं मागचं चाक सोडलं नाही. पहिली वळणं ठीक गेली. मग तो नुसता सीटवरून उठला, फार काही केलं नाही, आणि दोन हातांचं अंतर पडलं. दोनाचे चार झाले. माझ्या खिशात दोन केळी तशीच होती (जळगाव जिल्ह्यातला माणूस केळं खायला विसरतो, यापेक्षा लाजिरवाणं काय!). मागून एक मित्र ओरडला, “हाऊ गया रे भो आते!” (हा गेला रे भाऊ आता!) ते दोन हातांचं अंतर मला पुन्हा भरून काढता आलं नाही. टूरमध्ये सगळा खेळ त्या दोन हातांचा असतो.

२०२२ चा अकरावा टप्पा याच नजरेने बघा. पोगाचारच्या अंगावर पिवळी जर्सी, म्हणजे तोवरच्या एकूण वेळेत तोच पुढे. त्याच्या संघातले दोघे कोविडमुळे आधीच घरी गेलेले. गालिबियेच्या घाटावर विंगेगॉर आणि रोग्लिच या एकाच संघाच्या दोघांनी आळीपाळीने त्याच्यावर हल्ले चढवले. एकाला पकडलं की दुसरा सुटतो. पोगाचारने प्रत्येक वेळी स्वतः पाठलाग केला. तेव्हा मी खूश होतो, गडी कसला दमदार म्हणून. पण ती उधारी कोल द्यु ग्रानोंच्या चढावर वसूल झाली. ११ किलोमीटरचा चढ, शेवट समुद्रसपाटीपासून २४१३ मीटरवर. तिथे त्याची जर्सीची झिप उघडी आणि पाय जागच्या जागी. त्या एका दुपारी विंगेगॉरने त्याच्यावर जवळजवळ तीन मिनिटं काढली आणि टूर तिथेच फिरली.

२०२३ ला तर दोन आठवड्यांनंतर दोघांत फक्त १० सेकंदांचं अंतर होतं. सगळे म्हणत होते, आता शेवटपर्यंत असंच चालणार. सोळाव्या टप्प्याला प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारायची होती, म्हणजे ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो पुढे. अंतर २२.४ किलोमीटर. विंगेगॉरने तेवढ्यात १ मिनिट ३८ सेकंद काढले. दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझच्या चढावर पोगाचार पुरताच फुटला. पॅरिसला अंतिम फरक ७ मिनिटं २९ सेकंद. त्या वर्षी एप्रिलमध्ये पोगाचार पडला होता आणि त्याचं मनगट मोडलं होतं. सरावाचे महत्त्वाचे आठवडे गेले होते. ही बातमी मी वाचली होती आणि तरी शेवभाजी त्याच्यावरच लावली.

म्हणून आता मी एप्रिल-मेच्या बातम्या आधी बघतो. २०२४ ला उलट झालं. विंगेगॉर बास्क प्रदेशातल्या शर्यतीत वाईट पडला, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. तरी जुलैत उभा राहिला आणि दुसरा आला, हेच मला आश्चर्य वाटतं. पोगाचारने त्या वर्षी इटलीची जिरो ही शर्यत आणि टूर दोन्ही जिंकल्या. १९९८ नंतर ते कोणाला जमलं नव्हतं.

२०२२ आणि २०२३ बघून एक समज पक्का झाला होता की उंची, ऊन आणि लांबलचक चढ एकत्र आले की पोगाचार ढेपाळतो. २०२५ ला लोझचा चढ पुन्हा आला. विंगेगॉरच्या संघाने दिवसभर रक्त आटवलं. पोगाचार हलला नाही, उलट शेवटी विंगेगॉरच्या काही सेकंद पुढेच पोहोचला. जुन्या जखमेवर पैज लावणाऱ्या आमच्या एका मित्राचं बिल त्या वर्षी झालं.

या दोघांची जोड फार जुळलेली आहे. यात्रेतल्या दंगलीत जोड तुल्यबळ लागली नाही की लोक उठून भजी खायला जातात. इथे २०२१ ते २०२५ या पाचही वर्षी पहिला आणि दुसरा नंबर याच दोघांत वाटला गेला. तीनदा पोगाचार वर, दोनदा विंगेगॉर. २०२० ची टूरही पोगाचारचीच. आणि विंगेगॉर आला डेन्मार्कहून, जिथला सगळ्यात उंच भाग १७१ मीटरच्या पुढे जात नाही. आपलं तोरणमाळ त्याच्या सहा पटींहून उंच! सुरुवातीच्या काळात हा माणूस सकाळी मासळीच्या कारखान्यात काम करून दुपारी सराव करायचा.

तुम्ही अंदाज बांधायला बसाल तेव्हा आधी मार्ग उघडा. २०२६ ची टूर ४ जुलैला बार्सिलोनातून सुरू होते, तीही संघाने मिळून घड्याळाविरुद्ध पळायच्या टप्प्याने. म्हणजे ज्याचा संघ ढिला, त्याचे सेकंद पहिल्याच दिवशी जाणार. आणि शेवटच्या आठवड्यात आल्प द्युएझच्या चढावर लागोपाठ दोन दिवस शेवट आहे. दुसऱ्या दिवशी तर गालिबियेही मध्ये आहे. अशा ठिकाणी पहिल्या दिवशी जिंकलेल्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याचे पाय उठतात त्याचं काम होतं.

तिसऱ्या नंबरावर वाद घालायचा तर भरपूर जागा आहे. एवेनपूल घड्याळाविरुद्ध जबरदस्त, पण उंच घाटांत त्याचा भरवसा नाही. २०२५ ला तर तो अर्ध्यातूनच बाहेर पडला. लिपोविट्झ त्या वर्षी तिसरा आला, ऑस्कर ऑनली चौथा. मला लिपोविट्झ आवडतो, पण एवेनपूल आता त्याच्याच संघात आलाय. एका घरात दोन कारभारी झाले की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझी पैज यंदा पुन्हा पोगाचारवर आहे. काडीसारख्या मित्राने विंगेगॉर घेतलाय. २५ जुलैला, आल्प द्युएझच्या दुसऱ्या रात्री, तो म्हणतोय हॉटेल त्यानेच ठरवायचं. मी होकार दिलाय, फक्त तिखट कमी घालायला सांगितलंय.