कळते, पण वळत नाही : ज्यू नीतिविचाराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा स्वभाव तापट आहे. बोलून गेल्यावर पश्चात्ताप होतो, काय चुकले हेही स्पष्ट दिसते, आणि तरीही पुढच्या प्रसंगी तेच घडते. ज्यू धर्मात ‘मूसार’ नावाची स्वभावशुद्धीची परंपरा आहे, असे वाचनात आले. तिच्यात माझ्यासारख्यासाठी काही उपाय सांगितला आहे का? आणखी एक शंका आहे. आत राग खदखदत असताना वरवर शांत वागणे हे ढोंगच नव्हे का?

उत्तर : कळते पण वळत नाही, ही आपली तक्रार या परंपरेच्या मुळाशीच आहे. ‘मूसार’ या हिब्रू शब्दात शिस्त, शिकवण आणि कानउघाडणी असे तिन्ही अर्थ आहेत. अकराव्या शतकात स्पेनमधील सारागोसा येथे बाह्या इब्न पाकुदा यांनी ‘अंतःकरणाची कर्तव्ये’ हा ग्रंथ अरबीत लिहिला, तेव्हा त्यांचा आक्षेप असा होता, की विद्वान हातापायांनी करायच्या धर्मकृत्यांची बारकाईने चर्चा करतात, पण मनाने करायच्या कर्तव्यांकडे कोणी वळत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात लिथुआनियात रब्बी इस्रायल सलांतर (१८१०–१८८३) यांनी या विचाराला चळवळीचे रूप दिले. त्यांच्या प्रसिद्ध पत्राचा आरंभच असा आहे, की माणूस कल्पनेत मोकाट असतो आणि बुद्धीने बांधलेला असतो. इच्छा समोर उभी राहते, परिणाम मात्र दूर कुठेतरी असतात, आणि म्हणून बुद्धीला पटलेली गोष्ट ऐन वेळी उपयोगी पडत नाही, हे त्यांचे निदान होते.

या निदानातून त्यांनी काढलेला उपाय पहिल्यांदा ऐकताना थोडा विचित्र वाटतो. नीतिपर वचने केवळ वाचून समजून घेऊ नयेत, तर ती मोठ्याने, सुरात, पुनःपुन्हा म्हणावीत, इतकी की ती आपल्या भावनांपर्यंत झिरपावीत, असे त्यांचे सांगणे होते. तल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या प्रमाणग्रंथातील अवघड वाद उलगडण्यात हयात घालवणाऱ्या पंडितांना एकच साधे वाक्य दहा वेळा म्हणण्याचा सल्ला देणे हे धाडसच होते, आणि त्या काळी त्याला विरोधही झाला. सलांतर यांचा मुद्दा असा होता, की समजणे एका वेळेत पुरे होते, मुरणे मात्र आवृत्तीवाचून होत नाही.

रागापुरते बोलायचे, तर त्याहून जुना आणि नेमका विचार मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञ व धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीस (११३८–१२०४) यांनी मांडला आहे. बहुतेक गुणदोषांच्या बाबतीत ते मध्यममार्ग सांगतात : उधळेपणा नको, कंजूषपणाही नको. गर्व आणि क्रोध या दोहोंना मात्र त्यांनी या नियमातून वगळले आहे. तिथे मध्यावर थांबणे पुरेसे नाही, दुसऱ्या टोकापर्यंत जावे, असे ते म्हणतात. मुलांना किंवा समाजाला धाक वाटावा म्हणून रागवण्याची गरज पडलीच, तर रागाचा केवळ आविर्भाव आणावा आणि मन आतून शांत ठेवावे, असेही त्यांनी लिहिले आहे. आपण ज्याला ढोंग म्हणता, त्याच्या नेमके उलटे हे चित्र आहे, आणि ते मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो, कारण मला ती रागाच्या प्रश्नापेक्षाही महत्त्वाची वाटते. आधी भावना शुद्ध व्हावी आणि मग तिच्यातून कृती यावी, असा क्रम आपण गृहीत धरला आहे. ज्यू परंपरा बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावते. तेराव्या शतकातील ‘सेफेर हाखिनुख’ या ग्रंथात म्हटले आहे, की माणूस त्याच्या कृतींप्रमाणे घडतो आणि मन कृतींच्या मागे जाते. मायमोनिडीस यांनी याचे फार बोलके उदाहरण दिले आहे. एका गरजू माणसाला एकदम हजार सुवर्णनाणी देणे आणि एकेक नाणे हजार वेळा देणे, या दोन्हींत खर्च सारखाच आहे, परंतु दुसऱ्या प्रकारात हात हजार वेळा उघडतो आणि देणे हा स्वभाव होतो. पहिल्यात एकदा उमाळा येतो आणि निघून जातो.

तल्मूदमधील एक नियम तर जणू आपल्यासाठीच केला आहे. वाटेत दोन माणसे भेटली. मित्राच्या जनावरावरचे ओझे उतरवायचे आहे आणि शत्रूच्या जनावरावर ओझे चढवायचे आहे. एरवी उतरवण्याचे काम आधी करावे लागते, कारण तिथे मुका जीव त्रासात असतो. तरीही इथे शत्रूच्या मदतीला आधी जावे, असा निर्णय दिला आहे, आणि कारण सांगितले आहे : आपल्यातील वाईट ओढीला, ‘येत्सेर’ला, वाकवण्यासाठी. शत्रूविषयी आधी प्रेम वाटू दे आणि मग मदत कर, असे तिथे म्हटलेले नाही. दोघांनी मिळून गोणी उचलायची, एवढेच सांगितले आहे. नावडत्या माणसाबरोबर घाम गाळताना द्वेष टिकवून धरणे किती कठीण असते, याचा अनुभव ज्याला आहे त्याला या नियमामागचे शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा ढोंग कशाला म्हणावे? जो आपण शांत आहोत असे लोकांना भासवण्यासाठी शांत वागतो, तो ढोंगी. जो शांत होण्याचा सराव म्हणून शांत वागतो, तो विद्यार्थी. बाहेरून दोघे सारखेच दिसतात हे खरे, पण स्वतःपुरता हा फरक ओळखणे अवघड नसते. सलांतर यांनी येत्सेरला रोखणे आणि त्याला सुधारणे अशा दोन पायऱ्या मानल्या. पहिल्या पायरीवर राग येतो पण आवरला जातो, दुसरीवर तो येईनासा होतो. आपण पहिल्या पायरीलाच खोटेपणा मानून नाकारले, तर दुसरीवर कुठून पोहोचणार?

रोजच्या वापरासाठी एक रीत सांगतो. मेंडेल लेफिन यांनी १८०८ मध्ये ‘आत्म्याचा हिशेब’ या अर्थाचे नाव असलेले हिब्रू पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात तेरा गुण निवडून प्रत्येकावर एकेक आठवडा लक्ष द्यायचे आणि चुकांची नोंद तक्त्यात करायची, अशी योजना आहे. वर्षात अशी चार आवर्तने होतात. गंमत अशी, की ही कल्पना त्यांनी अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडून घेतली होती, आणि सलांतर यांनी तेच पुस्तक पुन्हा छापवून घेतले. चांगली रीत कुठून आली याची सोवळी-ओवळी त्यांनी पाळली नाहीत. यादीतला पहिला गुण मनाची शांतता आहे, दुसरा धीर. धीरासाठी हिब्रूत ‘सव्लानूत’ हा शब्द आहे आणि तो ओझे वाहणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, त्यामुळे धीर धरणारा आणि हमाल हे त्या भाषेत एकाच घरचे ठरतात. आपण राग आल्यावर दहा अंक मोजत असाल, तर त्याऐवजी आपण या क्षणी एक ओझे उचलले आहे आणि ते काही पावले न्यायचे आहे, अशी कल्पना करून पाहावी.

एक सावधगिरीची सूचना. या चळवळीच्या नोव्हारदोक शाखेत विद्यार्थी औषधाच्या दुकानात जाऊन खिळे मागत आणि लोकांचे हसू ओढवून घेत, म्हणजे अपमानाची भीती मोडावी. ही कथा आकर्षक आहे, पण एकट्याने अनुकरण करण्याजोगी नाही. मायमोनिडीससुद्धा टोकाचे वागणे सांगतात ते बहुधा औषध म्हणून, आणि मनाच्या रोग्याने ज्ञानी माणसांकडे जावे, असेही त्यांचे म्हणणे आहे.

प्रश्न : मी नियमाने प्रार्थना-उपासना करते. मात्र माझ्या सोवळ्या-नियमांचा जाच होतो, असे घरातले म्हणतात. ईश्वराची सेवा करताना माणसांची नाराजी पत्करावीच लागते ना?

उत्तर : कधी कधी पत्करावी लागते. परंतु ज्यू गुरूंनी या प्रश्नाचे उत्तर आपल्याला अपेक्षित असेल त्याहून कडक दिले आहे. आज्ञांचे दोन वर्ग केले जातात : माणूस आणि ईश्वर यांच्यातील, आणि माणूस व माणूस यांच्यातील. तल्मूदचा मूळ गाभा असलेल्या मिश्ना या नियमसंहितेचे स्पष्ट वचन आहे, की योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस पहिल्या वर्गातील अपराधांचे क्षालन करतो, पण दुसऱ्या वर्गातील अपराधांचे क्षालन दुखावलेल्या माणसाची समजूत काढल्याखेरीज करत नाही. म्हणजे दिवसभराचा उपवास आणि प्रार्थना झाली, तरी शेजाऱ्याच्या दारात जाणे चुकत नाही.

सलांतर यांच्याविषयी अशी आठवण सांगितली जाते, की भोजनापूर्वी विधिपूर्वक हात धुताना ते अगदी मोजके पाणी घेत. धर्मनिष्ठ लोक भरपूर पाण्याने हात धुतात, मग आपण असे का, असे विचारले गेले. पाणी मोलकरणीला दुरून वाहून आणावे लागते, दुसऱ्याच्या खांद्यावर आपली धर्मनिष्ठा का लादावी, असे त्यांचे उत्तर होते. नियम त्यांनी मोडला नव्हता, हे लक्षात घ्यावे. नियमापलीकडची हौस तेवढी सोडली होती. आपल्या आचारांत नियम किती आणि हौस किती, आणि त्या हौसेचे पाणी घरात कोण भरते, हे आपणच तपासावे. मला पत्रावरून ते ठरवता येणार नाही.

प्रश्न : या विषयावर एकच पुस्तक वाचायचे झाल्यास कोणते वाचावे?

उत्तर : मोशे हाईम लुझ्झातो यांचे ‘मेसिल्लात येशारीम’, म्हणजे ‘सरळ माणसांची वाट’. इटलीतील पादुआ येथे जन्मलेल्या या लेखकाने ते १७४० मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध केले. वाचकाला ठाऊक नसलेले काही शिकवण्यासाठी आपण लिहीत नसून ठाऊक असलेल्याची आठवण देण्यासाठी लिहीत आहोत, असे प्रस्तावनेतच सांगून टाकणारा लेखक विरळाच. पुस्तकात सावधपणापासून पावित्र्यापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने येतात, आणि नम्रता बरीच वर येते, हे पाहून नवल वाटेल.

वरच्या पायऱ्यांची घाई मात्र करू नये. सावधपणावरच्या पहिल्या प्रकरणांतच एक मार्मिक निरीक्षण आहे. इजिप्तच्या फेरोने गुलामांना बंडाचा विचार करायला उसंत मिळू नये म्हणून त्यांच्या कामाचा बोजा वाढवला होता, आणि येत्सेर माणसाला नेमका तसाच कामात गुंतवून ठेवतो, असे लुझ्झातो म्हणतात. ते वाचल्यावर पुस्तक मिटून आपला कालचा दिवस घटकाभर आठवून पाहावा, आणि पुढचे प्रकरण दुसऱ्या दिवशी उघडावे.