व्यक्तिचित्रकलेविषयी तुमचे प्रश्न : रेम्ब्रांट कुणाकुणाकडून शिकला?

प्रश्न : सर, मी ड्रॉइंग अँड पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पोर्ट्रेट माझा आवडता विषय. ‘स्वतःची शैली शोध, जुन्यांची छाप पडू देऊ नकोस’ असं सतत कानावर येतं. पण रेम्ब्रांटची आत्मचित्रं पाहिली की तसंच करून पाहावंसं वाटतं. हे चूक आहे का? आणि तो स्वतः पहिल्यापासून असाच रंगवायचा का? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तसंच करून पाहा, अगदी मोकळ्या मनाने. तू ज्याचं नाव घेतलंस तो माणूस साठीपर्यंत दुसऱ्यांकडून घेत होता. आणि पहिल्यापासून तो असा मुळीच रंगवत नव्हता.

हॉलंडमधल्या लायडनच्या एका गिरणीवाल्याचा हा मुलगा, जन्म १६०६ चा. गावातल्याच स्वानेनबुर्ख नावाच्या चित्रकाराकडे सुमारे तीन वर्षं शिकला, पण त्या शिक्षणाची खूण त्याच्या कामात मला तरी दिसत नाही. मग ॲमस्टरडॅमला पीटर लास्टमनकडे जेमतेम सहा महिने, आणि ते मात्र आयुष्यभर पुरले. प्रसंगातला नेमका कोणता क्षण धरायचा, चेहरा काय बोलतो आणि त्याच वेळी हात काय करतो, हे लास्टमनचं. पुढे १६३० च्या दशकात, स्वतःचं नाव झाल्यावरही, रेम्ब्रांट लास्टमनच्या चित्रांवरून रेखाटनं करत होता. नावाजलेला चित्रकार जुन्या मास्तरांच्या चित्रापुढे पुन्हा खडू घेऊन बसतो, हे तुझ्या वर्गात सांगायला हवं.

एका बाजूने येणारा तो प्रसिद्ध उजेड मुळात कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचा. होन्टहोर्स्ट, टेरब्रुखेन हे युट्रेख्टचे चित्रकार रोमला राहून तो घेऊन आले आणि त्यांच्यामार्फत तो रेम्ब्रांटपर्यंत पोहोचला. पण त्याने त्याचं काय केलं ते बघ. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये १६२८ च्या सुमाराचं त्याचं एक लहानसं आत्मचित्र आहे, जेमतेम वीतभर उंचीचं. उजेड गालावर, कानाच्या पाळीवर, मानेवर. डोळे सावलीत. आपण पोर्ट्रेट शिकवताना डोळ्यांपासून सुरुवात करतो आणि विशी ओलांडलेला हा मुलगा डोळेच अंधारात ठेवतो! केसांच्या बटा ओल्या रंगात ब्रशच्या दांडीने ओरखडून काढल्यात. नेदरलँड्समध्ये मुलीकडे गेलो होतो तेव्हा हे चित्र पाहिलं आणि तिथून हलवेना. छापील पुस्तकात ते ओरखडे कधी दिसले नव्हते.

१६३० मध्ये त्याने आरशासमोर तोंड वेडंवाकडं करून चेहऱ्याची छोटी-छोटी एचिंग (आम्लाने रेषा कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेली मुद्राचित्रं) केली. हसरा, चिडलेला, डोळे विस्फारलेला. काही तर पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढी. मॉडेल स्वतःच, त्यामुळे पैसे द्यायला नकोत, ते बसायला कंटाळतही नाही. चेहऱ्याचे स्नायू कुठे ओढले जातात याचा अभ्यास त्याने स्वतःवर केला आणि तो १६३२ च्या ‘डॉक्टर ट्युल्प यांचा शरीररचनेचा पाठ’ या चित्रात कामी आला. सात जण प्रेताभोवती डोकावतायत आणि प्रत्येकाचं कुतूहल वेगळं आहे.

आता तुझ्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. एप्रिल १६३९ मध्ये ॲमस्टरडॅमला एका लिलावात इटालियन चित्रकार राफाएलने केलेलं कास्तिग्लिओने या दरबारी लेखकाचं व्यक्तिचित्र आलं. रेम्ब्रांटने तिथे त्याचं झपाट्याने रेखाटन केलं आणि कडेला किंमत लिहून ठेवली : ३५०० गिल्डर (तेव्हाचं डच नाणं). ज्याने ते घेतलं त्या लोपेझच्या संग्रहात टिशियन या व्हेनिसच्या चित्रकाराचंही एक व्यक्तिचित्र होतं, फुगीर निळ्या बाहीचा हात कठड्यावर टेकलेल्या माणसाचं. पुढच्या वर्षी, चौतिसाव्या वर्षी, रेम्ब्रांटने स्वतःला कठड्यावर हात टेकवून, शंभर वर्षं जुन्या धाटणीच्या कपड्यांत रंगवलं. ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. बैठक टिशियनची, शांतपणा राफाएलचा आणि चेहरा त्या गिरणीवाल्याच्या पोराचा, जाडसर नाकासकट. राफाएलचं रेखाटन करतानाच त्याने टोपी मुळापेक्षा तिरकी केली होती. नक्कल करता करता हात आपली वाट धरत होता.

पन्नाशीनंतरची गोष्ट तर आपल्या जवळची. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने मोगल लघुचित्रांवरून रेखाटनं केली. त्यांतली वीसेक आज शिल्लक आहेत. जहांगीर, शाहजहान, झाडाखाली बसलेले चार वृद्ध. सुरतेला डचांची वखार होती, तिथल्या व्यापाराबरोबर अशी चित्रं हॉलंडात जात. त्याने ही रेखाटनं आशियातून आलेल्या महागड्या कागदावर, एरवीपेक्षा कितीतरी बारीक रेषेने केली. त्या चार वृद्धांची बैठक १६५६ च्या ‘अब्राहम आणि देवदूत’ या एचिंगमध्ये सरळ उतरली आहे. हे सगळं बहुधा त्याचं दिवाळं निघालं त्याच काळातलं. दिवाळ्याच्या वर्षी, १६५६ मध्ये, घरातल्या वस्तूंची जी यादी झाली तिच्यात ३६३ नोंदी आहेत : रोमन सम्राटांचे अर्धपुतळे, शस्त्रं, शिंपले, मान्तेन्या आणि टिशियन या इटालियन चित्रकारांच्या कामांवरच्या मुद्राचित्रांचे संग्रह. घर हातचं गेलं आणि हा माणूस मोगल मनसबदाराच्या जाम्याच्या चुण्या कशा पडतात ते बघतोय. मला त्याच्याविषयी सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते इथे.

तेव्हा ज्याच्याकडे मन ओढ घेतं त्याच्याकडून घे, मात्र एका वेळी एकच गोष्ट. या महिन्यात फक्त सावली. त्याच्या सावल्या पातळ, पारदर्शक तपकिरी रंगात आहेत आणि उजेड जाड पांढऱ्याने उभारलेला आहे. एवढंच एका चेहऱ्यात साधून बघ.

प्रश्न : रेम्ब्रांटची म्हातारपणची चित्रं मला अर्धवट सोडल्यासारखी वाटतात. तरुणपणी तो किती सफाईदार रंगवायचा! नजर गेली होती, की हात कापत होता? — एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : असा प्रश्न त्याच्या काळातल्या गिऱ्हाइकांनाही पडला होता. १६५४ मध्ये आंद्राडा नावाच्या एका व्यापाऱ्याने तक्रार केली की मुलीचं चित्र तिच्यासारखं दिसत नाही. त्याने ७५ गिल्डर आगाऊ दिले होते. रेम्ब्रांटचं उत्तर असं : आधी उरलेले पैसे, मग बदल, आणि साम्य आहे की नाही ते चित्रकारांच्या संघाच्या प्रमुखांनी ठरवावं.

आणि त्याच १६५४ सालचं त्याच्या यान सिक्स या मित्राचं व्यक्तिचित्र बघा. चेहरा पुरेपूर घडवलेला, तर हातमोजे आणि लाल झग्यावरची सोनेरी पट्टी चार फटकाऱ्यांत. ज्याला एकाच कॅनव्हासवर दोन्ही जमतं त्याचा हात कापत नसतो. कुठे थांबायचं हे तो ठरवत होता. या खरबरीत रंगकामाला टिशियनच्या उत्तरायुष्यातल्या चित्रांचा आधार होता. ती लांबून पाहावीत असं वसारी या इटालियन चित्रकार-चरित्रकाराने लिहून ठेवलंय. पण ॲमस्टरडॅममध्ये तोवर गुळगुळीत कामाची चलती झाली होती. गोव्हर्ट फ्लिंक, फर्डिनंड बोल या त्याच्याच शिष्यांना मोठी कामं मिळत गेली. नगरभवनासाठी केलेलं त्याचं, रोमनांविरुद्ध उठलेल्या क्लॉडियस सिव्हिलिसचं भव्य चित्र काही महिन्यांतच भिंतीवरून उतरवलं गेलं.

कष्ट कमी केले म्हणाल तर तेही नाही. १६६२ चं कापड-तपासनिसांचं समूहचित्र क्ष-किरणांखाली पाहिल्यावर कळलं की मागे उभ्या नोकराची जागा त्याने पुन्हा पुन्हा बदलली होती. लंडनमधलं १६६९ चं, म्हणजे मृत्यूच्या वर्षाचं आत्मचित्र तसंच. आधी हातात ब्रश होता, मग त्याने तो काढला आणि हात एकमेकांत गुंफले. डोक्यावरची टोपीही लहान केली. कपाळाच्या कातडीवर रंगाचे थर इतके आहेत की उजेड त्यांच्यावर खरोखर अडतो. एक विनंती : या चित्रांची छपाई डोळ्यांजवळ धरून पाहू नका. भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा.

प्रश्न : परदेशी जाऊन मूळ चित्रं पाहणं परवडणारं नाही. आम्ही काय करावं? — दोन हौशी चित्रकार, चिपळूण

उत्तर : रेम्ब्रांटही इटलीला गेला नाही. हायगेन्स हा त्याचा जाणकार चाहता त्याला आणि त्याचा मित्र लीव्हेन्स याला ‘इटलीला जा’ म्हणून मागे लागला होता. वेळ नाही आणि चांगली इटालियन चित्रं इथेच पाहायला मिळतात, असं या पोरांचं म्हणणं. तुम्हालाही घरबसल्या पाहता येईल : राइक्सम्युझियमने त्याच्या ‘नाइट वॉच’ या समूहचित्राची ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज बिंदूंची, प्रतिमा सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. तिच्यात रंगाचा कणन्‌कण मोठा करून बघता येतो. मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर उघडा.

दुसरं, गोवा तुम्हाला जवळ आहे. पणजीला फोंताइन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या संस्थेकडे ट्रिंदाद यांची मूळ तैलचित्रं आहेत. आंतोनियो झेवियर ट्रिंदाद सांग्याचे, जन्म १८७०, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. लोक त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. घरातली माणसं त्यांनी ज्या मायेने आणि ज्या गडद टोनमध्ये रंगवलीत ते पाहिलं की तो उजेड आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर कसा बसतो हे कळतं, आणि ते रेम्ब्रांटकडे मिळणार नाही. जाण्याआधी संस्थेची वेळ विचारून घ्या आणि स्केचबुक न विसरता न्या.