वाचकांचे प्रश्न : स्कॅनर म्हणतो ‘संपर्क तुटला’

प्रश्न : हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली. नंतर एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे लागले, चालता चालता स्पीडोमीटर शून्यावर येतो. स्कॅनरवर यू ०१२१ आहे. गॅरेजवाले एबीएस मॉड्यूल बदला म्हणतात. बदलावं का? – एक वाचक, परळ

उत्तर : एवढ्यात नको. ‘यू’चा कोड म्हणजे एका मॉड्यूलला (गाडीतल्या एकेका यंत्रणेच्या छोट्या कॉम्प्युटरला) दुसऱ्याचा निरोप वेळेत मिळाला नाही, इतकंच. यू ०१२१ म्हणजे एबीएसकडून, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून, निरोप येत नाही. तो का येत नाही, हे कोडला ठाऊक नसतं.

आधी गाडीतली सगळी मॉड्यूल स्कॅन करून घ्या आणि कोणता कोड कोणाकडे साठलाय ते कागदावर उतरवा. इंजिन ईसीयू (इंजिनाचं मॉड्यूल), डॅशबोर्डचा मीटर आणि स्टिअरिंग हे तिघंही एकट्या एबीएसबद्दल तक्रार करत असतील, तर मुख्य लाइन, म्हणजे सगळ्या मॉड्यूलना जोडणारी कॅन नावाची वायरींची जोडी, ठीक आहे. दोष एबीएसच्या सप्लायमध्ये, अर्थमध्ये (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणाऱ्या जोडणीत), तिकडे जाणाऱ्या फाट्यात किंवा खुद्द मॉड्यूलमध्ये. जो तो दुसऱ्याच्या नावाने ओरडत असेल, तर मात्र लाइनच तपासायची. बऱ्याच गाड्यांत वेगाची माहिती एबीएसच पुरवतो, म्हणून त्याच्यासोबत तुमचा स्पीडोमीटरही गप्प होतो.

आता फ्यूज बघा, पण नुसते डोळ्यांनी नको. दोन्ही टोकांना १२ व्होल्ट येतात का ते मोजा. मग अर्थ. इग्निशन चालू, कनेक्टर जागेवर, मल्टिमीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने अर्थच्या वायरीवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडीवरचा अर्थचा नट खोलून पत्रा घासून घ्या. नुसत्या ओहमवर विसंबू नका. वायरीतल्या दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी ओहम छान दिसतो, लोड आल्यावर पितळ उघडं पडतं.

शेवटी बॅटरी काढून एबीएसचा कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट थर असेल तर पाणी आत गेलंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पण वायर इन्सुलेशनच्या आत काळी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावाच लागतो. पाणी तारांच्या आतून पुढे सरकतं. इतकं सगळं ठीक निघालं आणि तरी एबीएस बोलेना, तरच मॉड्यूलचा विचार करा. सेकंडहँड घेतलं तर बहुतेक वेळा कोडिंग (ते तुमच्या गाडीशी जुळवून घेणं) लागतं, त्याचा खर्च आधी विचारून घ्या.

प्रश्न : उंदरांनी वायरी कुरतडल्या. गाडी सुरू होत नाही, मीटरवर सगळे दिवे, स्कॅनरला एकही मॉड्यूल सापडत नाही. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : कॅन लाइनच्या दोन वायरी, हाय आणि लो, एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि स्कॅनर लावायच्या, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ नंबरच्या पिनांत ओहम मोजा. जाड प्रोब पिनमध्ये घुसवू नका, पिन कायमची सैल होते. बारीक टाचणी वापरा.

६० च्या आसपास आलं तर लाइन अखंड आहे, पण एखादी वायर बॉडीला टेकली असेल तर ते यात दिसत नाही. १२० आलं तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ म्हणजे हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या. ४० आलं तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर जोडलाय, म्हणून बाहेरून लावलेलं जीपीएस वा अलार्म आधी काढा. सॉकेट आणि लाइनच्या मध्ये गेटवे (निरोप पुढे पाठवणारं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हे आकडे सॉकेटवर लागू पडतीलच असं नाही. तिथे वायरिंग डायग्राम हवाच.

मग बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून व्होल्ट. चालू लाइनवर साधा मल्टिमीटर हायला २.६ ते २.८ आणि लोला २.२ ते २.४ दाखवतो. हाय शून्यावर म्हणजे बॉडीला टेकली, १२ म्हणजे सप्लायला. दोन्हींवर सारखेच अडीच असतील तर चिकटल्या, नाहीतर लाइनवर कोणी बोलतच नाहीये.

शॉर्ट सापडेना तर बॅटरी काढून, ओहम बघत, एकेक मॉड्यूलचा कनेक्टर सोडा. ज्याने आकडा जागेवर येतो, ते मॉड्यूल किंवा त्याचा फाटा गुन्हेगार. रेझिस्टर पोटात असलेलं मॉड्यूल सोडलं की १२० येणारच, त्याला बिघाड समजू नका. पिवळ्या कनेक्टरना हात नको, ते एअरबॅगचे.

जोडताना पीळ कायम ठेवा, उघडा भाग पाच सेंटिमीटरच्या आत राहू द्या, दोन्ही सांधे थोडे मागेपुढे घ्या आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती टेप पहिल्या पावसात सुटते.

प्रश्न : गाडी झकास चालते, फक्त स्कॅनर जोडला जात नाही. – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सॉकेटच्या १६ नंबरला १२ व्होल्ट आणि ४-५ नंबरला अर्थ आहे का बघा. काही गाड्यांत १६ नंबरचा फ्यूज आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. स्वस्तातल्या चार्जरने तो उडतो आणि स्कॅनर उगाच बदनाम होतो. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा बसवा.