कुत्री सतत पायात पायात असते आणि मी बाहेर पडले की रडते. आमचे लाड जास्त झाले का?

लाडांमुळे हे होत नाही, ताई. तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांची कुत्री बाथरूमच्या दाराशीही बसून राहते, तुम्ही ऑफिसला निघालात की रडून घर डोक्यावर घेते, आणि सासूबाई म्हणतात, ‘जवळ घेऊन घेऊन बिघडवलीस.’ माझ्या आईचंही हेच म्हणणं होतं, आणि तेव्हा मला ते खरं वाटलं होतं.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. आमची चिंगी गल्लीतली, 2020च्या लॉकडाऊनमध्ये अगदी लहान असताना घरात आली. पुढचं दीड वर्ष घरात कोणी ना कोणी असायचंच, त्यामुळे एकटं राहणं काय असतं हे तिला कधी कळलंच नाही. मग ऑफिसं सुरू झाली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी दार उघडलं तर कडीखालचं लाकूड ओरबाडलेलं, चौकटीवर रक्ताचे ठिपके, पुढच्या पायाची दोन नखं तुटलेली. फरशीवर लाळ सांडलेली आणि सकाळी भरून ठेवलेलं पाणी जसंच्या तसं. मी तिच्यावर ओरडले. तिने मान खाली घातली, तेव्हा मला वाटलं, चूक कळली. खरं तर ती माझ्या आवाजाला भ्यायली होती. काही तासांपूर्वी केलेल्या गोष्टीशी आत्ताचं ओरडणं कुत्र्याला जोडता येत नाही. त्या ओरडण्याचं मला अजून वाईट वाटतं.

मागे मागे फिरणं आणि एकटेपणाची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागे फिरणारच, खाणं, फिरणं, खेळणं, सगळं तिला तुमच्याच हातून मिळतं. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, हे जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. आई आणि बाळाच्या नात्यातही हेच संप्रेरक असतं. म्हणून जवळ घेणं मुळीच बंद करू नका. बघायचं ते एवढंच की दार लागल्यावर ती निवांत पडू शकते का. जाताना जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून जा. दोन तासांनी चप्पल चावली तर बहुतेक कंटाळा. पण पहिल्या अर्ध्या तासातच दाराशी येरझाऱ्या, धापा, लाळ, शिकवलेली असूनही घरात शू, असं दिसलं तर ती घाबरली आहे.

हे अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर. कान दुखत असेल, गोचिडताप असेल, तरी कुत्रं माणसाला चिकटून राहतं. म्हाताऱ्या कुत्र्याला दिसायला-ऐकायला कमी झालं तरी तसंच.

बाकी काम सेकंदांचं आहे. चिंगीला किल्ल्यांचा आवाज आला की धाप लागायची. म्हणून मी दिवसातून दहादा किल्ल्या उचलायचे आणि भाजी चिरायला बसायचे. आठवड्याभराने किल्ल्या वाजल्या तरी ती मान वर करेना. मग घरातल्या घरात जाळीच्या दाराआड पाच सेकंद, दहा सेकंद. मग बाहेरचं दार. ती रडायला लागायच्या आधी परत यायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. एकदा घाबरली तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करायचा. खरी अडचण अशी की या काळात तिला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. आमच्याकडे शेजारच्या काकू येऊन बसायच्या. तुमच्याकडे सासूबाई आहेत. त्या घरी असताना ती शांत राहते का, हेही बघा. काही कुत्र्यांना कोणीही माणूस चालतो, काहींना एकच लागतो.

बाहेर पडण्याआधी वास घेत घेत निवांत फिरवा, ओढत नेऊ नका. जाताना रबरी खेळण्यात दही-भात भरून, फ्रिजरमध्ये घट्ट करून द्या. चाटण्यात कुत्रं शांत होतं. आपल्या इंदुरात सकाळी पोहे असतातच, पण त्यातला घास देऊ नका. कांदा कुत्र्याला विषारी आहे, द्राक्षं आणि बेदाणेही. सोबतीला दुसरा कुत्रा आणायचा सल्ला मिळेल, पण तिला माणूस हवा असतो, त्यामुळे त्याचा बहुतेक वेळा उपयोग होत नाही.

अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या, म्हणजे रोषणाईच्या देखाव्यांच्या मिरवणुकीच्या रात्री आणि दिवाळीत तिला अजिबात एकटी सोडू नका. घाबरली तर कुशीत घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही.

इतकं करूनही ती स्वतःला इजा करून घेत असेल तर पशुवैद्यांना औषधाबद्दल विचारा. फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन ही औषधं कुत्र्यांच्या या त्रासावर वापरतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सोबत शिकवणं चालूच ठेवावं लागतं. माणसांची गोळी घरच्या घरी देऊ नका. चिंगीला औषध लागलं नाही, पण चार तास एकटी राहायला चार महिने लागले.

रेकॉर्डिंग झालं की ती कितव्या मिनिटाला सुरू होते ते इथे लिहा. त्यावरून पहिली पायरी किती सेकंदांची ठेवायची ते मी सांगते.